जुना डेस्कटॉप: अपग्रेड करू की नवीनच घेऊ?

खटपट्या:
मंडळी, घरचा पीसी आहे इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क. चालू होतो पण मग हार्डडिस्कचा दिवा विझायचं नावच घेत नाही, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १००% आणि प्रोसेसर निवांत बसलेला. वापर म्हणजे ब्राउझर, एक्सेल, मुलांचे ऑनलाइन क्लास, गेम वगैरे नाही. आधी प्रोसेसर बदलू का?

स्क्रूड्रायव्हर:
अजिबात नको! तुमचं दुखणं तुम्हीच लिहिलंय की, डिस्क. साटाचा (हार्डडिस्कच्याच जोडणीवर चालणारा) २.५ इंची एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, लावा, विंडोज त्यावर नव्याने टाका, जुनी डिस्क फोटोबिटोंसाठी राहू दे. या बोर्डांवर एम.२ स्लॉट (चपटा एसएसडी थेट बोर्डात खोचायची जागा) सहसा नसतो, त्यामुळे त्यात बसणाऱ्या, आणखी वेगवान एनव्हीएमई एसएसडीच्या मोहात पडू नका. रॅम जुन्या पिढीची डीडीआर३च लागेल, डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही.

रिकामटेकडा:
+१, पण विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११ला अधिकृतपणे इंटेल प्रोसेसरची किमान आठवी पिढी नि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तुमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा. म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका नाहीतर पुढेमागे बोर्ड-प्रोसेसर-रॅम तिन्ही बदला. एसएसडी मात्र तेव्हाही कामाला येईल, डीडीआर३वर जास्त पैसे घालू नका.

खटपट्या:
एक्सेलमध्ये मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) आहेत हो, लिनक्सवर गोची होईल.

स्क्रूड्रायव्हर:
मग सध्या एसएसडी नि ८ जीबी रॅम, बाकी नव्या बोर्डासाठी साठवा. आणि काहीही उघडण्याआधी बॅकअप घ्या राव.