जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा पेट्रोलचा काटा ‘ई’वरच बसलाय, टाकी उतरवू का?

मार्क_टू_इंदूर:
नमस्कार मंडळी. गाडी १९७२ची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू, बाबांनी हौसेने सांभाळलेली. पेट्रोलचा काटा आधी नाचायचा. खड्डा आला की अर्ध्यावर, वळण आलं की शून्यावर. आता मात्र ‘ई’वर बसलाय तो बसलाय, टाकी भरली तरी ढिम्म. किलोमीटर वहीत लिहून अंदाज बांधतो, पण बायको आता शहराजवळच्या राऊच्या पुढे गाडीत बसायला तयार नाही.
मेकॅनिक म्हणतो टाकी उतरवा, आतलं पातळी मोजणारं युनिट नवं टाका, काटाही बदला. खर्चाचं सोडा, पण एवढ्या वर्षांचे गंजके नट खोलायचे म्हटलं की पोटात गोळा येतो. आधी घरी काही तपासता येईल का? आणि इंदुरात या कामातला जाणता माणूस कुठे शोधू?

बायपास_भिया:
भिया, एवढी डोकेफोड कशाला? ऑनलाइन युनिव्हर्सल मीटर मिळतं. डॅशबोर्डखाली लटकवा, काम खल्लास.

जुना_वायरमन:
लटकवायचंच तर काटा आणि युनिट जोडीनेच घ्या, नाहीतर फसाल. टाकीतलं युनिट म्हणजे तरंगणारा फ्लोट आणि त्याच्या दांडीने कमीजास्त होणारा रेझिस्टन्स. एका पद्धतीत टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरल्यावर ३३च्या आसपास, दुसरीत रिकामी असताना शून्य आणि भरल्यावर ९०. बेमेळ जोडी बसली तर पेट्रोल भरताना काटा खाली उतरताना दिसेल.
पण आधी बिघाड कुठे आहे ते तरी कळू द्या. टाकी उतरवणं हा शेवटचा उपाय.
टाकीच्या युनिटवर येणारी वायर शोधा. किल्ली बंद ठेवून ती काढा. तिला लांब जोड देऊन दुसरं टोक टाकीपासून दूर, खरवडून लख्ख केलेल्या लोखंडाला आवळून बांधा. मगच किल्ली फिरवा. हा क्रम उलटा करू नका, पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको. दुसऱ्या कुणाला काट्याकडे बघायला बसवा आणि काटा वर पोचला की लगेच किल्ली बंद, जास्त वेळ ठेवलं तर काट्याची आतली तार तापते.
काटा सावकाश चढून ‘एफ’पर्यंत गेला तर तो बायमेटल जातीचा आहे, म्हणजे आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते तसा काटा हलतो, ठणठणीत आहे आणि वायरही शाबूत आहे. म्हणजे दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. त्याहून जुन्या, दोन कॉइलच्या काट्यांचं उलट असतं. ते टुणकन उडी मारतात, आणि वायर बॉडीला लावली की रिकामं दाखवतात, सुटी ठेवली की भरलेलं.
काटा हललाच नाही तर फ्यूज बघा, काट्याच्या मागे करंट येतोय का बघा. बायमेटलवाल्यांना व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, छोटी पत्र्याची डबी. ती बारा व्होल्टचे सरासरी दहा करते. तापमानाचा काटाही विजेवरचा असेल आणि दोन्ही एकदमच येडेपणा करत असतील तर आधी तिच्यावर संशय घ्या.

मार्क_टू_इंदूर:
काका, सांगितलं तसं केलं. काटा हळूहळू थेट ‘एफ’ला गेला! मुलीने समोर बसून रनिंग कॉमेंट्री केली. म्हणजे आता युनिटच ना?

जुना_वायरमन:
थांबा, अजून एक. वायर परत युनिटला लावा. युनिटच्या धातूच्या अंगापासून बॉडीपर्यंत एक जादा वायर द्या, तीही किल्ली बंद असतानाच. टाकीच्या पट्ट्यांवर गंज आणि रंगाचे थर बसले की अर्थिंग तुटतं आणि निरोगी युनिटचं नाव खराब होतं. एका वायरच्या तुकड्यात काम झालं तर मला कचोरी द्यायची.

मार्क_टू_इंदूर:
कचोरी हुकली. जादा वायरनेही हूं नाही की चूं नाही.

स्नेहनगरची_ताई:
मग युनिट काढा. आमच्या फियाटचं असंच झालं होतं. बॅटरीची वायर सोडा, टाकी जवळजवळ रिकामी असू द्या, काम मोकळ्या अंगणात करा. युनिट हातात आलं की ओहम मोजणारं मीटर लावून दांडी अगदी हळू फिरवा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच गायब झाला तर आतली तार झिजलीय किंवा तिच्यावरून सरकणारी पट्टी उचलली गेलीय. तुमचा काटा आधी नाचत होता, त्यामुळे माझा तरी संशय पट्टीवरच. ती साफ करून अलगद किंचित दाबली की पुष्कळदा भागतं. तार तुटली असेल तर मात्र युनिट बदलायचं.
फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडतोय. पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथे भोक. पाणी चुलीवरून दूर आणून मगच, बरं का. आतलं पेट्रोल आणि वाफ पूर्ण निघाल्याशिवाय झाळकाम करू नका. आमचा फ्लोट मी कसेरा बाजारात पितळेची भांडी झाळणाऱ्याकडे नेला होता. मोटारवाल्यांपेक्षा त्यांचा हात हलका. झाळेचा ठिपका बेताचाच ठेवा म्हणून सांगा, फ्लोट जड झाला की खाली बसतो आणि काटा कायम कमी दाखवतो.
कॉर्कचा असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. जुन्या कॉर्कवर लाखेचा थर असायचा. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे अल्कोहोलचंच, पेट्रोल मिळतं.

बायपास_भिया:
हे आपल्याला माहीतच नव्हतं. मीटर लटकवायचा सल्ला मागे घेतो.

जुना_वायरमन:
घ्याच. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी होते. एका काट्यासाठी असल्या गाडीचा डॅशबोर्ड कशाला भोसकायचा?

मार्क_टू_इंदूर:
ताई, निदान अचूक. पट्टी उचललेली होती आणि फ्लोटही खळखळतोय, पितळीच आहे. उद्या कसेरा बाजार. गॅस्केट मात्र काढताना चुरा झालं. कुठे मिळेल?

स्नेहनगरची_ताई:
तयार हवं असेल तर छोटी ग्वालटोलीत जुन्या स्पेअरवाल्यांकडे विचारा. नसेल तर सियागंजातून पेट्रोलला टिकणारी शीट आणा आणि जुन्या रिंगवर ठेवून कापा. घरातलं साधं सिलिकॉन लावू नका, पेट्रोलने फुगतं.

जुना_वायरमन:
बसवण्याआधी युनिट बाहेरच जोडून काटा ‘ई’ आणि ‘एफ’ला नीट जातो का बघा, टाकीचं तोंड झाकून. बसवल्यावर पंपावर पाच-पाच लिटर भरत काटा कुठे येतो ते वहीत लिहा. चार-पाच लिटर असतानाच ‘ई’ दाखवत असेल तर दांडी वाकवत बसू नका, तेवढं रिझर्व्ह समजा. वहिनींना राऊच्या पुढे न्यायला उपयोगी पडेल.