मदत हवी आहे: 'द वॉल दॅट हील्स' बघायला कुणी गेलंय का?

नमस्कार मंडळी, आमच्या टेक्सासमधल्या गावात पुढच्या महिन्यात 'द वॉल दॅट हील्स' येतेय. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्ध स्मारकाची ही फिरती प्रतिकृती, मूळ भिंतीच्या तीन-चतुर्थांश आकाराची. लांबी ३७५ फूट आणि त्या युद्धात मरण पावलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांची ५८ हजारांहून जास्त नावं! १९९६ पासून हे प्रदर्शन ट्रकमधून गावोगाव फिरतंय; आताची ही मोठी भिंत २०१८ पासूनची.

शेजारचे आजोबा व्हिएतनाममध्ये लढले. चालताना वॉकर लागतो, वॉशिंग्टनचा प्रवास आता झेपणार नाही, म्हणून मीच त्यांना नेणार आहे. त्यांना पलटणीतल्या एका मित्राचं नाव शोधायचंय. नावं आडनावाप्रमाणे नाहीत, कोण कधी गेलं त्या क्रमाने आहेत, त्यामुळे पॅनल आणि ओळीचा क्रमांक आधी काढून ठेवलेला बरा ना? की तिथले स्वयंसेवक लगेच शोधून देतात? नावावर कागद धरून पेन्सिलीने छाप घेतात, तो कागद तिथे मिळतो की घरून न्यायचा?

भिंत चोवीस तास खुली असते. ऊन टाळायला पहाटे न्यावं म्हणतेय, पण तेव्हा मदतीला कुणी असतं का? आणि वॉकर जाईल अशी वाट असते का, की नुसतं गवत?

अजून एक. माझे आईबाबा साताऱ्याहून आलेत, तेही येणार. घरात फौजी असल्यामुळे आईला तिथे फुलं वाहायचीत. लोक भिंतीपाशी फुलं, पत्रं ठेवतात हे माहीत आहे, पण हात जोडून दोन मिनिटं उभं राहिलं तर कुणाला खटकणार नाही ना? आजोबांना विचारायला मला जरा अवघड वाटतंय.