जुनी अ‍ॅव्हेंजर २२० अजूनही घ्यावीशी का वाटते

बरेच जण विचारतात की एवढ्या नव्या गाड्या असताना जुनी अ‍ॅव्हेंजर २२०, म्हणजे बजाजची पाय पुढे टाकून आरामात बसायची क्रूझर बाइक, कोण घेणार. मी तर आजही घेईन, आणि नुसत्या लूकसाठी नाही.

हिचं मूळ म्हणजे २००१ ची बजाजचीच एलिमिनेटर, त्यात जपानी कंपनी कावासाकीचं इंजिन, दिसायला देखणी पण महाग, मग २००५ ला बजाजने तोच साचा ठेवून आपल्याच पल्सर १८० बाइकचं इंजिन बसवलं आणि अ‍ॅव्हेंजर आली, पुढे इंजिन वाढून २०० सीसी झालं आणि २०१० ला २२०. इंजिन पल्सरच्या घराण्यातलं म्हणून पार्ट आमच्या पुण्यात नाना पेठेत मिळून जातात, आणि गल्लीतला मेकॅनिकसुद्धा बिनधास्त हात घालतो. जुनी गाडी वर्षानुवर्षं ठेवायची तर यापेक्षा मोठं सुख नाही!

सीट इतकी खाली की उंची कमी असली तरी लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन्ही पाय टेकतात. ताम्हिणी घाटात पाय पुढे टाकून साठ-सत्तरला जी मजा येते ती मला वाकून चालवायच्या गाड्यांवर कधी आलीच नाही, खरंच.

खड्ड्यातला दणका मात्र थेट कमरेत जातो, कारण पाय पुढे असल्यामुळे उठून उभं राहता येत नाही. पेठेतल्या बोळात लांब गाडी वळवताना पण जरा दमायला होतं. स्पोकच्या चाकात ट्यूब असते, पंक्चर झालं की चाक खोलणं आलंच.

सेकंडहँड बघायला जाणार असाल तर चेनसेट आधी बघा, ऑइल कूलरच्या (इंजिनचं ऑइल थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपचं लीकेज बघा, आणि इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला लावा.