सुपरहिरो एकत्र येतात अशी कॉमिक्स सुचवा : गावच्या वाचनालयासाठी, गोष्ट पूर्ण होणारी

पळसफूल :
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी सार्वजनिक वाचनालय सांभाळते. ड वर्गाचं आहे, म्हणजे अनुदान बेताचंच. कादंबऱ्या, संतवाङ्मय, भरतीच्या परीक्षांची पुस्तकं आहेत, पण सातवी ते दहावीच्या मुलांसाठी कपाटात फारसं काही नाही. या पोरांनी ॲव्हेंजर्सचे सिनेमे मोबाइलवर हिंदीतून पाहिलेत. आता येऊन विचारतात, "ताई, हे सारे एकत्र येते असं पुस्तक असते का?" असतं, आणि ते त्यांच्या हातात पडावं अशी माझी फार इच्छा आहे.

यंदा गणेश मंडळानं वर्गणीतून 3000 रुपये वाचनालयाला दिलेत. हिंदी पोरं सहज वाचतात, इंग्रजी अडखळत. मुख्य अट एकच : जे घेऊ त्यात गोष्ट संपली पाहिजे. 'पुढील अंकात वाचा' असं आलं तर तो पुढचा अंक इथे कधी पोचणार नाही, आणि पोरगं तिथेच वाचन सोडून देईल. शिवाय आधीचे शंभर अंक माहीत असल्याशिवाय कळत नाही असंही नको.

माझं मत असं आहे की वीस जणांच्या गर्दीपेक्षा दोघंच असलेली, पण दोघांनाही एकमेकांची खरी गरज पडते अशी गोष्ट जास्त धरून ठेवते. तुमचे अनुभव सांगा.

नागद्वीप :
ताई, सुरुवात राज कॉमिक्सपासूनच करा. हिंदी हाये, पोट्ट्याइले लगेच जमते. आन् तुमी म्हणता तशी जोडी पाहिजे असंन तं नागराज आन् सुपर कमांडो ध्रुव यायच्यापेक्षा चांगली जोडी मले तरी माहीत नाई.

नागराज 1986 चा, ध्रुव 1987 चा. नागराजच्या अंगात सूक्ष्म सापाइची फौज, त्याचा डंख म्हणजे समोरच्याचं काम खलास. ध्रुवजवळ तसलं काहीच नाई. सर्कशीत वाढलेलं पोरगं, फटफटी, पायात स्केट, पट्ट्यात स्टारब्लेड, आन् डोकं. पशुपक्ष्याइची भाषा समजते एवढंच. शंकरपटात जोडी जुंपताना दोनी बैल नुसते तेज असून भागत नाई, एकानं ओढ धरावं लागते आन् एकानं धाव, तसं हाये हे. नागराज भिडते, ध्रुव इचार करते. अनुपम सिन्हानं ध्रुव घडवला आन् पुढं नागराजच्याही मोठ्या मोठ्या कथा केल्या, म्हणून दोघंही एका पानावर आले तरी कोणी कोणाचा नोकर वाटत नाई.

घ्याचं काय तं 'नागायण'. आठ भाग : वरण काण्ड, ग्रहण काण्ड, हरण काण्ड, शरण काण्ड, दहन काण्ड, रण काण्ड, समर काण्ड, इति काण्ड. रामायणाच्या चौकटीत बसवलेली भविष्यातली गोष्ट हाये. आपल्या गावात सप्त्यात रामकथा आयकलेल्या पोट्ट्याले कोन कोनाच्या जागी हाये हे लगेच कळते, आन् पुढं काय बदलते हे पाहाले ते थांबते. एक मात्र लक्षात ठेवजा : घेतले तं आठही भाग एकदम घेजा. अर्धे घेऊन बाकीचे पुढच्या सालावर टाकू नका.

राज कॉमिक्स आता मनोज गुप्ता आन् संजय गुप्ता अशा दोन नावाखाली येगयेगळं छापल्या जाते. मागवताना कोनाकडे कोनते भाग हायेत ते पाहून मागवा, नाई तं संचात येगयेगळ्या छपाईचे अंक येतात.

संत्राबाग :
नागायणला अनुमोदन. आई म्हणून एक सांगते, राज कॉमिक्समध्ये डोगाही आहे आणि पोरं तो मागतीलच. तो गुन्हेगारांना सरळ गोळ्या घालणारा नायक आहे. माझ्या मते सातवी-आठवीच्या हातात तो देऊ नये. दहावीच्या पुढच्यांसाठी वेगळ्या कप्प्यात ठेवा.

'कोहराम'सारखे सगळे ब्रह्मांड रक्षक, म्हणजे राज कॉमिक्सच्या नायकांचा संघ, जमणारे विशेषांकही आहेत. चित्रं पाहायला मजा येते, पण परमाणु कोण, शक्ती कोण, हे आधी ठाऊक नसेल तर नवीन वाचक गोंधळतो. दुसऱ्या वर्षी घ्या.

शाईचा_पेन :
पळसफूलताई, इंग्रजीकडचं मी सांगतो. मी वर्ध्याजवळच्या खेड्यातला, आता नागपुरात असतो. वीस वर्षं हेच वाचत आलोय, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी पोरांना एक फरक समजावून सांगा, म्हणजे पुढे ती नेमकं मागतील. एकाच प्रकाशनाचे नायक एकत्र येतात तो पहिला प्रकार. 1940 मध्ये 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात जस्टिस सोसायटी जमली, तिथून संघ करण्याची ही पद्धत रुजली. 1960 मध्ये डीसी या अमेरिकी प्रकाशनानं जस्टिस लीग आणली आणि 1963 मध्ये स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी मार्व्हलसाठी ॲव्हेंजर्स उभे केले. त्या पहिल्या अंकात कॅप्टन अमेरिका नाही! आयर्न मॅन, थॉर, हल्क, अँट-मॅन आणि वास्प एवढेच. कॅप्टन चौथ्या अंकात, 1964 मध्ये सापडतो. सिनेमे पाहिलेल्या पोरांना हे सांगून पाहा, कशी सरसावून बसतात.

दुसरा प्रकार दुर्मीळ : दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक एका गोष्टीत. 1976 मध्ये डीसी आणि मार्व्हलनं मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅनला समोरासमोर आणलं. लेखन जेरी कॉनवेचं, चित्रं रॉस अँड्रूची, पुस्तक नेहमीपेक्षा बरंच मोठ्या आकाराचं. सुपरमॅनचा शत्रू लेक्स लुथर आणि स्पायडरमॅनचा शत्रू डॉक्टर ऑक्टोपस तुरुंगात भेटतात आणि हातमिळवणी करतात, म्हणून नायकांनाही करावी लागते. आता सुपरमॅनला स्पायडरमॅन मारणार तरी कसा? तर लुथर गुपचूप स्पायडरमॅनवर लाल सूर्याच्या किरणांचा मारा करतो (लाल सूर्यापुढे सुपरमॅनची शक्ती चालत नाही), त्यामुळे स्पायडरमॅनच्या ठोशात तेवढ्यापुरतं बळ येतं. तो प्रभाव ओसरल्यावर स्पायडरमॅन ठोसे मारतच राहतो आणि त्याचाच हात दुखावतो. सुपरमॅन शांत उभा. मग दोघं बोलायला लागतात. गैरसमज, झुंज, ओळख, मग एकत्र लढाई : पुढच्या असंख्य गोष्टी याच वाटेनं गेल्या, पण लहानपणी मी हे पान पाहिलं तेव्हा दोन्ही नायकांचा मान राखणं म्हणजे काय हे मला कळलं. कोणी हरत नाही, आणि तरीही कोण किती ताकदीचा आहे हे खोटं दाखवलेलं नाही.

माझं सगळ्यात आवडतं मात्र 'जेएलए/ॲव्हेंजर्स' (जेएलए म्हणजे जस्टिस लीग). 2003-04 मध्ये चार अंकांत आलं, लेखक कर्ट ब्युसिक, चित्रकार जॉर्ज पेरेझ. ही भेट खरं तर 1980 च्या दशकातच व्हायची होती. पेरेझनं वीसेक पानं काढूनही झाली होती, पण दोन कंपन्यांच्या संपादकांचं जमलं नाही आणि ते काम बासनात गेलं. वीस वर्षांनी तोच चित्रकार पुन्हा बसला आणि दोन्ही संघांचे आजवरचे सदस्य त्यानं एका मुखपृष्ठावर काढले. त्यात कॅप्टन अमेरिका आणि बॅटमॅनचा प्रसंग आहे. दोघंही एकमेकांची पारख करायला थोडे हात चालवतात, आणि दोघांनाही लगेच समजतं की भांडण्यात वेळ घालवणं वेडेपणाचं आहे. बाकीचे लढत असताना हे दोघं शोध घ्यायला निघतात. ज्याच्याकडे अचाट शक्ती नाही तोच आधी शहाणा होतो, हे मला फार आवडतं. नागद्वीपभाऊंनी ध्रुवबद्दल जे म्हटलंय तेच इथेही आहे.

पेरेझ आजारी असताना 2022 मध्ये गरजू चित्रकार-लेखकांना मदत करणाऱ्या हिरो इनिशिएटिव्ह या संस्थेसाठी याच्या फक्त 7000 प्रती छापल्या. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. त्या प्रती आता भारी किमतीला विकल्या जातात, म्हणून तुमच्या 3000 रुपयांत हे बसवू नका. पण पोरांना याची हकीकत जरूर सांगा.

तुमच्या अटीत बसणारं म्हणाल तर 'बॅटमॅन/सुपरमॅन : वर्ल्ड्स फायनेस्ट', पहिला खंड. मार्क वेड लेखक, डॅन मोरा चित्रकार, मालिका 2022 ची. डेव्हिल नेझा नावाच्या जुन्या राक्षसाशी लढाई आहे, गोष्ट त्याच खंडात उलगडते, चित्रं लखलखीत आणि आधीचं काही वाचलेलं नसलं तरी अडत नाही. बॅटमॅनचा किशोरवयीन साथीदार रॉबिन, त्यालाही त्यात खरं काम आहे, म्हणून वयानं लहान वाचकाला आपलं माणूस सापडतं.

गोदामातलं_कपाट :
डीसीचं 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' कसं राहिलं? 1985-86, मार्व्ह वुल्फमन आणि पेरेझ. एकत्र येणाऱ्या गोष्टींचा कळसच तो.

शाईचा_पेन :
कळसच आहे, पण पायऱ्यांवरून चढून आलेल्यासाठी. सातव्या अंकात सुपरगर्ल आणि आठव्यात फ्लॅश मरतो, तेव्हा वाचकाला रडू यायचं कारण त्यानं त्यांना अनेक वर्षं पाहिलेलं होतं. दारव्ह्याच्या, नेरच्या पोराला ती माणसं पहिल्यांदाच भेटतायत. त्यांचं मरण त्याला लागणार नाही.

त्यापेक्षा मार्व्हलचं 'सीक्रेट वॉर्स', 1984-85, बारा अंक एका खंडात. जिम शूटर लेखक. बियॉंडर नावाची शक्ती नायक आणि खलनायकांना उचलून एका अनोळखी ग्रहावर आणून टाकते आणि सांगते, शत्रूंना संपवा, हवं ते मिळेल. एवढीच अट, म्हणून नवीन वाचकाला सोपं. मॅटेलच्या खेळण्यांच्या जोडीनं ते निघालं होतं, पण गोष्ट म्हणून उभी राहते. आठव्या अंकात स्पायडरमॅनला काळा पोशाख मिळतो, ज्यातून पुढे व्हेनम हा खलनायक आला. पोरं तेवढ्यासाठी शेवटपर्यंत जातील.

थॅनोस मागितला तर 'इन्फिनिटी गॉन्टलेट', 1991, जिम स्टारलिन, सहा अंक. पण त्यात थॅनोस स्त्रीरूपातल्या मृत्यूच्या प्रेमात पडून हे सगळं करतो, वातावरण जड आहे. अकरावी-बारावीसाठी.

वऱ्हाडी_वेताळ :
अकोला जिल्ह्यातून. आमच्या पिढीला हे सगळं मराठीतून मिळायचं. इंद्रजाल कॉमिक्स 1964 पासून 1990 पर्यंत निघालं, मराठीतही यायचं. वेताळ (इंग्रजीतला फँटम) आणि जादूगार मँड्रेक, दोघांचाही जनक ली फॉक. मँड्रेक 1934 चा, वेताळ 1936 चा. 1977 मध्ये वेताळ आणि डायनाचं लग्न झालं, त्या लग्नाला मँड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार पाहुणे म्हणून आले होते. मारामारीशिवाय दोन नायक एका पानावर! लग्नाला येणं हीसुद्धा एकत्र येण्याचीच गोष्ट आहे, आणि माझ्या मनात तीच सगळ्यात जास्त राहिली.

ताई, गावात जुन्या मास्तरांच्या, पोस्टातल्या निवृत्त माणसांच्या घरी चौकशी करा. माळ्यावर मराठी इंद्रजालचे गठ्ठे अजून निघतात. दिवाळीच्या आधी घरं साफ करताना लोक रद्दीत घालतात, त्याआधी वाचनालयाच्या नावानं मागून घ्या. पैसे लागणार नाहीत.

गुरुजी_आर्वी :
इंग्रजी खंडाबद्दल. या कॉमिक्समध्ये फुग्यातली सगळी अक्षरं बहुतेक वेळा मोठ्या लिपीत असतात. आमच्या मराठी माध्यमातल्या पोरांना छोट्या लिपीची सवय, त्यामुळे वेग पडतो आणि ते कंटाळतात. मी शाळेत असं करतो : आधी एकही शब्द न वाचता सगळी पानं चित्रांवरून पाहायची आणि गोष्ट वऱ्हाडीत सांगायची. मग चारचार पोरांच्या गटाला एकेक प्रसंग देतो. ते प्रत्येक फुग्याचं मराठी कागदाच्या चिठ्ठीवर लिहितात आणि पानात ठेवतात, चिकटवत नाहीत. पुढच्या वाचकाला पुस्तक आणि चिठ्ठ्या दोन्ही मिळतात. सुपरमॅन कोणाला 'तू' म्हणेल आणि कोणाला 'तुम्ही', यावर पोरं इतकी तावातावानं बोलतात की तास संपलेला कळत नाही. जो कधी तोंड उघडत नव्हता तो पोरगाही बॅटमॅनची बाजू मांडायला उभा राहतो.

पळसफूल :
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं : नागायणचे आठही भाग आणि वर्ल्ड्स फायनेस्टचा पहिला खंड. पैसे उरले तर सीक्रेट वॉर्स. गुरुजींची चिठ्ठ्यांची पद्धत दिवाळीच्या सुटीत सुरू करते, त्या दिवसांत कापूस वेचणीला गेलेली पोरंही संध्याकाळी मोकळी असतात. वेताळकाका, इंद्रजालसाठी उद्यापासूनच घरोघर विचारते.

एक शेवटचं. नागायणचे अंक पातळ आहेत, पिनांचे. हाताळून आठवड्यात फाटतील. बाइंडिंग करावं का?

नागद्वीप :
करा, पण आठही भाग एका पुठ्ठ्यात नको. चार-चारचे दोन खंड करा, म्हणजे एक पोट्टं पह्यला वाचत असंन तं दुसऱ्याले दुसरा नेता येते. पिना आधी काढाले सांगा, पावसाळ्यात त्या गंजतात आन् मधलं पान खातात. बाइंडिंगवाल्याले म्हणा दोऱ्यानं शिव, आन् कडा कापू नको. ध्रुवच्या फटफटीचे चित्रं पार कडेपर्यंत असतात.

संत्राबाग :
आणि मुखपृष्ठं आत दडवू नका. आठही मुखपृष्ठं जिथल्या तिथे ठेवून शिवायला सांगा, पोरं तीच आधी उघडतात. कपाटात मधे कडुनिंबाचा पाला ठेवा, वाळवी लांब राहते.