"मला आतून वाटतं" या वाक्यापुढे पुरावा का हरतो?

पायवाट:
दादाशी परवा परत वाजलं. विषय तोच, माणूस चंद्रावर गेला की सगळा स्टुडिओतला खेळ होता. मी तयारीनिशी बसले होते. अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली, तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेझर सोडून आजही चंद्राचं अंतर मोजतात, आणि खोटं पकडलं असतं तर सगळ्यात जास्त आनंद ज्यांना झाला असता त्या सोव्हिएत युनियनने पण या मोहिमा खोट्या म्हटल्या नाहीत. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असेल गं, पण मला आतून वाटतं काहीतरी गडबड आहे." झालं, संपलं. त्यावर मी काय बोलणार?

२०१७ साली गॅरेट आणि वीक्स या दोन अमेरिकन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. खरं-खोटं ठरवताना जे आतल्या आवाजावर जास्त भरवसा ठेवतात ते कॉन्स्पिरसी थिअरीकडे, म्हणजे सगळ्यामागे काहीतरी कट आहे या समजाकडे, जास्त झुकतात, आणि आपलं मत पुराव्याशी जुळायलाच हवं असं ज्यांना वाटतं ते कमी झुकतात. म्हणजे हुशारी कमी-जास्त असण्याइतकाच "कळलं" कशाला म्हणायचं हाही प्रश्न आहे. माझा दादा मठ्ठ नाहीये हो, उलट घरात सगळ्यात जास्त वाचतो. म्हणूनच जास्त त्रास होतो.

दुसरी_बाजू:
ताई, तुमच्या दादाची बाजू घेतो. चंद्राचं सोडा, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. पण तज्ज्ञांवर विश्वास का उडतो ते बघायचंच नाही का? टस्कीगी माहितीये ना? १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय माणसांना नुसतं बघत ठेवलं, आजार काय आहे ते पण नीट सांगितलं नाही, १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा सर्रास उपचार झाला होता तरी दिलं नाही. हे कुठल्या भोंदूने नाही, शिकलेल्या डॉक्टरांनी केलं. १९५४ मध्ये सिगारेट कंपन्यांनी पेपरात मोठमोठ्या जाहिराती दिल्या की धूम्रपानाने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि त्यांच्याकडे पण शास्त्रज्ञ होतेच की. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक पण फुंकून पितो, त्याला वेडा कसं म्हणता?

मोजपट्टी:
@दुसरी_बाजू टस्कीगी उघड कसं झालं ते पण सांगा ना मग. पीटर बक्स्टन त्याच आरोग्यसेवेत कामाला होता, त्याने १९६६ पासून वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, कोणी ऐकेना तेव्हा माहिती पत्रकारांच्या हातात दिली आणि १९७२ ला बातमी फुटली. फोक्सवॅगन या गाड्यांच्या कंपनीने प्रदूषणाच्या चाचणीत केलेल्या फसवणुकीचं तसंच, वेस्ट व्हर्जिनियातल्या विद्यापीठाच्या लोकांनी गाड्यांना यंत्रं लावून रस्त्यावर प्रत्यक्ष धूर मोजला, लॅबमधल्या आकड्यांशी ताळमेळ बसेना, आणि २०१५ मध्ये कंपनीचं पितळ उघडं पडलं. खरे कट पकडले जातात ते कागदांनी आणि मोजमापांनी. "मला वाटतं" म्हणून घरी बसलेल्या माणसाने यातला एकही पकडलेला नाही.

दुसरी_बाजू:
पण बक्स्टनला पहिल्यांदा काय झालं असेल? आतून खटकलंच असेल ना! पुरावा नंतर. आणि एक विचारतो, राग मानू नका, तुम्ही स्वतः तो लेझर चंद्रावर मारून बघितलाय का? नाही ना. म्हणजे तुम्ही पण कोणावर तरी विश्वासच ठेवलाय, दादानेही ठेवलाय, फक्त त्याने स्वतःवर ठेवलाय. यात तो खालच्या दर्जाचा कसा?

मोजपट्टी:
खटकणं आणि ठरवून टाकणं यात फरक आहे. पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्या एका गटाने महागडा लेझर जायरोस्कोप, म्हणजे फिरणं मोजणारं यंत्र, आणला, पृथ्वी फिरत नाही हे दाखवायला. यंत्राने तासाला १५ अंशांची सरक दाखवली, गोल फिरणाऱ्या पृथ्वीवर जेवढी यायला हवी बरोब्बर तेवढीच. यांनी काय केलं? ही सरक आकाशातल्या कुठल्या तरी ऊर्जेमुळे येते म्हणून ती अडवायच्या खटपटीला लागले. खटकलं म्हणून यंत्र आणलं इथपर्यंत मला त्यांचं कौतुकच आहे, खरंच. पण उत्तर आल्यावर ते ऐकायचं नाही म्हटल्यावर प्रश्न विचारला कशाला?

कातरवेळ:
मी नर्स आहे, वीस वर्षं झाली, आतल्या आवाजाला इतकं हलकं समजू नका. मॉनिटरवर सगळे आकडे ठीक असताना पेशंटचा चेहरा बघून मी डॉक्टरांना फोन केलाय आणि तो बरोबर ठरलाय. पण तो आवाज आला कुठून? हजारो पेशंट बघितले, प्रत्येक वेळी अंदाज बरोबर की चूक ते काही तासांत समोर दिसलं आणि चुकले तेव्हा कायमचं लक्षात राहिलं. कानेमन आणि क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हेच लिहिलंय, दोघं एकमेकांच्या विरुद्ध मतांचे असून. अंतःप्रेरणा भरवशाची कधी, तर समोरच्या गोष्टीत काहीतरी नियमितपणा असेल आणि आपण चुकलो हे लगेच कळत असेल तेव्हा. चंद्राबद्दल किंवा लसीबद्दल घरबसल्या केलेला अंदाज चुकला तर कोण सांगायला येतं? तो आवाज कधी शिकलेलाच नसतो, पण ऐकायला अगदी तसाच येतो, तेवढ्याच खात्रीने. मला स्वतःलासुद्धा दोन्हीतला फरक आतून जाणवत नाही, बाहेरून तपासावाच लागतो.

पायवाट:
@कातरवेळ तुमचं वाचून मघापासून नुसती बसून आहे. एक गोष्ट मी लिहिली नव्हती. सहा वर्षांपूर्वी दादाच्या लेकीच्या पोटात दुखत होतं, डॉक्टर म्हणाले साधं इन्फेक्शन आहे, घरी न्या. दादा म्हणत राहिला मला आतून वाटतंय हे साधं नाही, त्याला घाबरट म्हणून गप्प केलं, मीसुद्धा केलं. रात्री तो तिला उचलून दुसरीकडे घेऊन गेला, अपेंडिक्स फुटलं होतं. वाचली पोरगी. चंद्र, लस, हे सगळं त्याच्या तोंडी त्यानंतर आलं, आधी कधीच नव्हतं.

दुसरी_बाजू:
ताई, मग त्याचा आवाज एकदा खरा ठरलाय, तोही लेकराच्या जिवाशी. तुमचे ३८२ किलो दगड त्यापुढे काय करणार. त्या डॉक्टरांनी नंतर चूक कबूल केली का?

पायवाट:
नाही. फाइलवर "पालक चिंताग्रस्त" एवढंच लिहिलं होतं.

मोजपट्टी:
हे वाचून वाईट वाटलं. तरी एक म्हणतो, तेव्हा दादाने नुसतं वाटून घेतलं नाही, दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, तपासणी झाली, सोनोग्राफी झाली असेल. वाटलं त्याने, सिद्ध झालं तिथे. ही अर्धी बाजू त्याच्या लक्षात राहिलेली नसेल.

कातरवेळ:
@मोजपट्टी बरोबर आहे, पण हे त्याला आत्ताच ऐकवू नका. आधी तेव्हा तू बरोबर होतास हे कोणीतरी म्हणायला हवं. म्हटलंय का कोणी?

पायवाट:
नाही म्हटलं. मीच नाही म्हटलं. रविवारी जातेय त्याच्याकडे.