खनिज शोधात ड्रोन आला, आता पायी मॅग्नेटोमीटर फिरवणं बंद करावं का?

खडकवेडा: मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, पाठीला बांधून काटेरी झुडपांतून सरळ ओळीत चालणं मी पुष्कळ केलंय. किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बकल सगळं उतरवायचं, आणि मध्ये ओढा आला की गेली ती ओळ! ड्रोन तेच क्षेत्र फार कमी दिवसांत उरकतो, हेलिकॉप्टरपेक्षा खालून उडतो आणि वर कुणाचा जीव टांगणीला नसतो. छोट्या क्षेत्रात पायी सर्वेक्षण बंदच करावं.

नॅनोटेस्ला: साफ असहमत. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण 25,000 ते 65,000 नॅनोटेस्ला (ते मोजायचं एकक). त्यात आपण कधी कधी पाच-दहाचा फरक शोधतो, तोही ड्रोनच्या चुंबक भरलेल्या मोटारींच्या शेजारी बसून. म्हणून सेन्सर काही मीटर दोरीला टांगायचा, की तो वाऱ्यात झोके घेणार. एका नकाशात एक ओळ निळी, शेजारची लाल, असे पट्टेच पट्टे होते. जाताना-येताना सेन्सरची दिशा बदलल्यामुळे आलेली ती चूक. मालकाला मात्र त्यात खनिजाच्या शिरा दिसत होत्या!

खडकवेडा: हा दोष उडवणाऱ्याचा. मूळ ओळींना छेदणाऱ्या आडव्या टाय-लाइन घ्या, क्षेत्रातले वेळेनुसार होणारे बदल टिपायला जमिनीवर स्थिर यंत्र, म्हणजे बेस स्टेशन ठेवा, वारा वाढला की उतरवा.

नॅनोटेस्ला: बरं, खालून उडण्याचंच बघू. छोट्या स्रोताचा परिणाम अंतराच्या घनाने घटतो. ड्रोन 60 मीटरवरून 30 वर आणलात की जमिनीवर पडलेलं लोखंडी पिंप आठपट ठळक होतं. 200 मीटर खोल असलेलं छोटं धातुक मात्र जेमतेम दीडपट. पायी जाणारा ते पिंप बघतो आणि वहीत लिहितो. ड्रोनच्या नकाशात त्यावर बोअर मारायची खूण होते.

गारगोटी: तुम्ही दोघं चुंबकातच अडकलात. सोन्याचं काय? ते चुंबकाला दाद देत नाही. विद्युतचुंबकीय सर्वेक्षणात जमिनीत वीजप्रवाह निर्माण करून त्याचा प्रतिसाद मोजतात, पण त्यासाठी हेलिकॉप्टरखाली टांगतात तसं तारेचं अवजड लूप ड्रोनला झेपत नाही. प्रवाह सोडणाऱ्या प्रक्षेपकाची तार जमिनीवर पसरून वर फक्त प्रतिसाद टिपणारा ग्राहक फिरवता येतो, पण तार पसरायला माणसं चालणारच ना!

खडकवेडा: सोन्याबद्दल थोडी दुरुस्ती. ज्या तप्त द्रवांतून सोनं येतं, ते कित्येकदा वाटेतल्या खडकातलं मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज नष्ट करतात. नकाशावर तो पट्टा फिका पडतो, आणि तोच शोधायचा असतो. पिंपाचा मुद्दा मात्र मान्य. ‘बंद’ हा शब्द मागे घेतो. आधी ड्रोन, मग संशयाच्या जागी पायी. कॅमेऱ्याने जागेचे फोटोही आधीच काढून ठेवायचे, म्हणजे पिंप तिथेच कळेल.

नॅनोटेस्ला: आणि पुरलेला पाइप?

खडकवेडा: त्यासाठीच ‘मग पायी’ म्हटलं.

नॅनोटेस्ला: पहिल्या पोस्टमध्ये नव्हतं म्हटलं.