मदत हवी आहे: जुलैत ग्रीसमध्ये शिडाच्या बोटीवर आठवडा, आणि मित्र सँटोरिनीलाच जायचं म्हणून अडून बसलेत

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आता अडलोय म्हणून धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी आणि बायको तीन वर्षं अथेन्सला आहोत, ग्लिफाडा भागात. नोकरी पिरेअसला शिपिंगमध्ये, काम काय तर इंजिनाच्या स्पेअर पार्टच्या ऑर्डरी बघणे. पण पुण्यातल्या तमाम मित्रांची पक्की समजूत आहे की हा 'जहाजावर' आहे म्हणजे ह्याला बोट हाकता येत असणार. माझा समुद्राचा अनुभव म्हणजे गेटवे ते मांडवा, लाँचच्या वरच्या डेकवर, वेफर्स खात.

तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजचा ग्रुप येतोय. एक जोडपं आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी, शिवाय दोघे मित्र एकेकटे. आम्ही दोघं धरून सात. व्हिसा झालेत, तिकिटं झालीत. ठरलं असं की हॉटेलं नकोत, शिडाची बोट भाड्याने घेऊ आणि बेटं फिरू. इथवर मीही खूश होतो. मग एका मित्राने एक्सेल पाठवलं. शनिवारी अथेन्स, रविवारी मिकोनोस, सोमवारी नॅक्सोस, मंगळवार-बुधवार सँटोरिनी, येताना पॅरोस, शुक्रवारी परत. नकाशावर पट्टी ठेवून रेघा मारल्यात. मी म्हटलं अरे ऑफिसातले ग्रीक लोक हे बघून हसले, तर म्हणतो त्यांना रोजचंच आहे रे, आम्ही एवढं लांबून येतोय, सँटोरिनी न बघता गेलो तर घरी काय सांगू.

माझे प्रश्न: हे सात दिवसांत होतं का? ह्याच मित्राने मागे पाच दिवसांचा सेलिंगचा कोर्स केलाय, तो म्हणतो स्किपरचे, म्हणजे बोट चालवणाऱ्या माणसाचे, पैसे कशाला, मी आहे ना. चालेल का? बायकोला ताम्हिणी घाटात पण मळमळतं, तिचं काय करू? आणि एक मित्र शाकाहारी, त्यात चातुर्मास पाळतो, कांदा लसूण वांगं बंद. बोटीवर सात दिवस त्याला काय घालू? पैशांचं सध्या टीटीएमएम ठरलंय पण डिपॉझिटची रक्कम बघून सगळे गप्प झालेत.

कृपया 'गुगल करा' सांगू नका, करून झालंय.

---

खारा_वारा

आधी एक्सेल डिलीट करा.

सांगतो का ते. अथेन्सजवळच्या अलिमोसच्या मरीनापासून, म्हणजे बोटींच्या बंदरापासून, सँटोरिनी साधारण सव्वाशे सागरी मैल आहे. शिडाची बोट इंजिन लावूनही पाच-सहा नॉटने जाते, म्हणजे तासाला दहा-अकरा किलोमीटर, सायकलचा वेग म्हणा. न थांबता गेलात तरी एक अख्खा दिवस आणि रात्र. हे फक्त जाणं झालं. आणि खरी मेख येण्यात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्तेमी वाहतो, उत्तरेचा वारा. बाल्कनवर जास्त दाब, तुर्कस्तानच्या बाजूला कमी दाब, त्या दोघांच्या मधून तो दिवसेंदिवस सुटतो. ब्यूफोर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी, त्यावर पाच-सहा नेहमीचंच, सात-आठही होतो. सात म्हणजे तीस नॉटच्या आसपास, तासाला पंचावन्न किलोमीटर. जाताना तो पाठीवर असतो म्हणून सगळ्यांना वाटतं वा काय मजा, आणि परत उत्तरेला यायचं म्हटलं की तोच नाकावर. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची बोट सरळ जात नाही, नागमोडी जावं लागतं, लाटा पुढून आपटतात आणि दहा मैलांचे पंधरा होतात. मग लोक नॅक्सोसला अडकून पडतात, वारा दोन दिवसांत पडेल म्हणून वाट बघतात, तो पडत नाही, आणि शनिवारी सकाळी बोट परत द्यायची असते.

गंमत म्हणजे आकाश निळंशार. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र बघूनच कळतं की नको, नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी बांधवांच्या होड्या वर ओढलेल्या असतात, कुणाला समजावावं लागत नाही. इथे ढगाचा ठिपका नसतो, मित्र किनाऱ्यावर उभा राहून म्हणतो एवढं तर ऊन पडलंय, चल की.

आणि सँटोरिनीला पोचून बोट ठेवणार कुठे? ते फोटोतलं जे वाटोळं दिसतं ते ज्वालामुखीचं खचलेलं तोंड आहे, आत तळ इतका खोल की तुमच्या बोटीचा नांगर पोचत नाही. दक्षिणेला व्लिहाडाला छोटं मरीना आहे, तिथे जागा मिळाली तर मिळाली.

---

धागाकर्ता

बापरे. हा प्रतिसाद जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. उत्तर आलं, 'निगेटिव्ह लोक सगळीकडे असतात'.

---

कोकणकन्या७

+१ खारा_वारा. सारोनिक आखात करा, तुमच्या घरासमोरच आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी जर्मनीहून जाऊन केलं होतं, तेव्हाही भारतातून दीर-जाऊ आलेले, एकालाही पोहण्यापलीकडे काही येत नव्हतं.

अटिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतालच्या, जमिनीचा थोडा आडोसा मिळतो त्यामुळे लाट तेवढी उसळत नाही, वारा असतो पण. आणि एका बेटापासून दुसरं दहा-पंधरा मैल, म्हणजे सकाळी पोहून घ्या, नाश्ता करा, दोन-तीन तास शीड, दुपारी नवीन गाव. एजिना पहिलं. तिथले पिस्ते प्रसिद्ध आहेत, बंदरावरच टपऱ्या असतात, आणि वर टेकडीवर अफाइयाचं देऊळ, इसवी सनापूर्वी ५००च्या सुमाराचं, तुमच्या मित्राला फोटोला खांब हवे असतील तर भरपूर आहेत. मग पोरोस. पोरोसचा तो चिंचोळा पट्टा, एका बाजूला बेट आणि समोर हाकेच्या अंतरावर गालातास गाव, त्याच्यातून शीड उतरवून हळूहळू जाताना सगळे आपोआप गप्प झाले होते, माझी जाऊसुद्धा.

मुलगी अकरा वर्षांची आहे तर पालेआ एपिदाव्रोसला नक्की थांबा. किनाऱ्याजवळ रोमन काळातल्या घराचे अवशेष पाण्याखाली आहेत, जेमतेम दोन मीटरवर, मास्क लावून तरंगत बघता येतात. आणि मोठं प्राचीन थिएटर तिथून टॅक्सीने थोडंसं आत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये शुक्रवार-शनिवारी तिथे अजूनही नाटकं होतात, पण तुमची बोट नेमकी त्याच दिवशी परत जाणार :(

---

नांगर_टाक्या

हायड्राबद्दल एक इशारा. गाव सुंदर, गाड्या नाहीत, सामान गाढवांवर, सगळं खरं. पण बंदर म्हणजे तळहाताएवढं. तिकडे बोट लावायची पद्धत अशी की पुढून नांगर टाकायचा, मग मागे मागे येत धक्क्याला पाठ लावायची आणि फळी टाकून उतरायचं. आता समोरच्या रांगेतल्यांनीही तसेच नांगर टाकलेले, त्यामुळे तळाशी साखळ्यांची अक्षरशः वेणी पडते. आम्ही सकाळी नऊला नांगर ओढायला लागलो तर बरोबर शेजारच्या इटालियन कुटुंबाचा नांगर वर आला. त्यांच्या आजोबांनी नाइट ड्रेसमध्ये डेकवर येऊन जे काही सुनावलं ते भाषा न येताही समजलं. दीड तास गेला.

त्यापेक्षा बोट समोर मुख्य भूमीवर एर्मिओनीला लावा आणि फेरीने हायड्राला जाऊन या, वीसेक मिनिटं लागतात. रात्री निवांत झोप. हायड्रातच राहायचं असेल तर दुपारी बाराच्या आत पोचायचं, चारला पोचलात तर दुसऱ्याच्या बोटीला बोट बांधून उभं राहावं लागेल.

स्किपरचं म्हणाल तर घ्याच. ग्रीसमध्ये स्किपरशिवाय बोट घ्यायची तर एकाकडे मान्यताप्राप्त लायसन्स लागतं आणि सोबत दुसरा अनुभवी माणूस कागदोपत्री लागतो. पाच दिवसांच्या कोर्सचं 'भाग घेतला' छापाचं सर्टिफिकेट तिथे कुणी हातात पण घेत नाही. मित्राला सुकाणू धरू द्या, स्किपर देतात आनंदाने, फोटो येतात, विषय संपतो. साधारण दिवसाला दोनशे युरो धरा, शिवाय त्याचं जेवण आणि झोपायची जागा तुमच्याकडे. म्हणजे तुम्ही आठ. चार केबिनची बोट बघा, मुलगी मधल्या बैठकीच्या सोफ्यावर झोपेल, तिला तेच आवडेल बघा.

---

धागाकर्ता

कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली रुंद बोट, घ्यावी का? बायकोसाठी. कलत नाही म्हणतात.

---

नांगर_टाक्या

कलत नाही, पण भाडं खूप जास्त आणि रुंद असल्यामुळे छोट्या बंदरात जागा मिळायची बोंब. सारोनिकसाठी एवढं नको.

---

डॉक्टरीणबाई

मळमळीबद्दल: मळमळायला लागल्यावर गोळी घेऊन उपयोग नसतो, निघण्याआधी घ्यायची. आपल्याकडे ॲव्होमिन सगळ्यांच्या पर्समध्ये असते पण तिने झोप फार येते, बाकी काही औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारून मगच. मुलीलाही विचारल्याशिवाय देऊ नका. आलेपाक न्या. उपाशी ठेवू नका, आणि बोट चालू असताना खाली केबिनमध्ये जाऊन मोबाईल बघायचा नाही, हे सगळ्यांना लागू. वर बसायचं, लांब क्षितिजाकडे बघायचं. जमलं तर तिलाच सुकाणू द्या. घाटात गाडी चालवणाऱ्याला कुठे लागते?

---

भाजणी_स्पेशालिस्ट

चातुर्मासवाल्या मित्राबद्दल वाचून पोटात तुटलं. ग्रीसमध्ये शाकाहाऱ्यांचं उत्तम चालतं हो, पण कांदा लसूण वांगं काढलं की निम्मा मेनू गेला. त्झात्झिकीत लसूण. ब्रिआम म्हणजे भाज्यांचा मिश्र प्रकार, त्यात वांगं आणि कांदा दोन्ही. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, बघून डोळे भरून येतात, पण शिजवतानाच कांदा पडतो आणि वरून परत. उरलं काय तर होर्टा, म्हणजे उकडलेला पाला लिंबू आणि ऑलिव्ह तेल घालून, चीजच्या पॅटीस, कांदा न घातलेली सॅलड, कलिंगड, आणि दही-मध. 'होरिस क्रेमिदी, होरिस स्कोर्दो' पाठ करून घ्या, कांद्याशिवाय लसणाशिवाय.

बाकी भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, तांदूळ आणायला सांगा. बोटीत झुलता गॅस असतो, बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. तरी चालत्या बोटीत उकळतं काही करू नका, नांगर टाकल्यावरच. वापरून झालं की गॅस सिलिंडरपाशी बंद करायचा. आणि गोडं पाणी टाकीत असेल तेवढंच, पुण्यातल्यासारखं नळ सोडून तांदूळ धुवायचे नाहीत.

---

खारा_वारा

अजून दोन गोष्टी ज्या कुणी आधी सांगत नाही. कडक सुटकेस आणू देऊ नका, ठेवायला जागाच नसते, घडी होणाऱ्या बॅगा. आणि बोटीच्या संडासात कागद टाकायचा नाही, एक तुकडासुद्धा नाही. तुंबला की उपसायचं काम तुमच्याकडे.

डिपॉझिटसाठी: बहुतेक ठिकाणी जास्तीचे पैसे भरून जबाबदारी कमी करून घेता येते, ते परत मिळत नाहीत पण झोप लागते. ते भाड्यातच धरा आणि सातांत वाटा. टीटीएमएम बोटीवर चालत नाही. डिझेल, पाणी, धक्क्याचे पैसे, स्किपरचं जेवण कुणाच्या खात्यात मांडणार? पहिल्या दिवशी सगळ्यांनी सारखी वर्गणी काढायची, एक डबा, संपला की परत काढायची. डबा मुलीच्या ताब्यात द्या.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे खूप आभार. काल व्हिडिओ कॉल झाला. ठरलंय ते असं: एजिना, पोरोस, एर्मिओनी (हायड्रा फेरीने), जमलं तर स्पेत्सेस, येताना एपिदाव्रोस. स्किपर घेतोय. एक्सेलवाल्या मित्राने अट घातलीय की बोट परत दिल्यावर तो पिरेअसहून स्पीड फेरीने दोन दिवस सँटोरिनीला जाणार, पाचेक तास लागतात, जा म्हटलं. त्याची बायको म्हणाली मी पण नाही येत, मी एजिनाला राहते. तो वाद त्यांच्या घरचा.

एकच राहिलं. चातुर्मासवाला तीन लिटरचा कुकर आणतोय आणि विचारतोय मध्यरात्री बंदरात शिट्टी झाली तर पोलीस येतात का.

---

नांगर_टाक्या

पोलीस नाही येत. इटालियन आजोबा येतात.